जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे : घरादारासकट वस्तीत राहायला गेलेला माणूस

रायापूर (हुबळी-धारवाड) : जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावर, हुबळी आणि धारवाडच्या मधोमध रायापूर आहे. इथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं तर कानडी, मराठी, उर्दू, कोकणी सगळं कानावर येतं. एका बाकावर कोण कोणाशेजारी बसलंय हे कुणी विचारत नाही. आपल्याला ते इतकं सवयीचं झालंय की सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुलखात पाणवठा वेगळा, पेला वेगळा आणि शाळेत बसायची जागासुद्धा वेगळी होती, हे मुद्दाम आठवावं लागतं. ही वेगळी जागा मोडावी म्हणून ज्यांनी आपलं सगळं आयुष्य घातलं, त्यातला एक मोठा माणूस आपल्याच भागातला होता. त्यांचं नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे.

नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. जयंतीला फोटोला हार घालतात, भाषण होतं, चहापान होतं. पण शिंद्यांनी नेमकं काय केलं आणि त्याची किंमत काय मोजली, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

जमखंडीचं घर

शिंद्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा, जमखंडीचा. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला तालुका. वडील रामजीबाबा संस्थानात नोकरीला. पंढरीचे वारकरी, म्हणून मुलाचं नाव विठ्ठल. आई यमुनाबाई. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. सीमाभागातल्या कुठल्याही मराठी घराला हे वेगळं सांगायला नको. दोन्ही भाषा लहानपणापासून कानावर पडल्या आणि दोन्ही आपल्याच वाटल्या. पुढं मोठेपणी त्यांनी मराठी आणि कानडी यांचा आपसातला संबंध काय, यावर अभ्यास करून लिहिलं, त्याचं मूळ या घरात आहे.

रामजीबाबा वारकरी होते ते नुसत्या टाळ-मृदंगापुरते नव्हते. आल्यागेल्याची जात बघून त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हा प्रकार त्या घरात कमी होता. लहान विठ्ठलनं समतेचा पहिला धडा घरी घेतला, पुस्तकं नंतर आली. पण त्याच घरात त्या काळाच्या रीतीही होत्या. विठ्ठलचं लग्न वयाच्या नवव्या वर्षीच उरकलं होतं. बहीण जनाक्का हिचंही लग्न लहानपणीच झालं, आणि सासरी तिचा फार छळ झाला. शिंद्यांनी बहिणीला परत आणलं, पुण्यात नेऊन शिकवलं. त्या काळात सासर सुटलेली मुलगी म्हणजे घराला कलंक समजत. शिंद्यांनी तिला शाळेत घातलं. ही जनाक्का पुढं भावाच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

१८९१ साली मॅट्रिक झाले. घरची परिस्थिती बिकट. दोन वर्षांनी पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले ते शिष्यवृत्त्यांच्या आधारावर. गंगारामभाऊ म्हस्के यांच्या मराठा शिक्षण संस्थेची मदत झाली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचीही झाली. १८९८ साली बी. ए. झाले. वकिली शिकायला मुंबईला गेले, पण मन तिकडं लागलं नाही. प्रार्थना समाजाशी संबंध आला. एकच देव, मूर्ती नाही, जातिभेद नाही, हा विचार त्यांना पटला आणि वकिलीचा नाद सुटला. वकील झाले असते तर घरचं दारिद्र्य फिटलं असतं, हे त्यांनाही कळत होतं.

ऑक्सफर्ड ते भिंगार

१९०१ साली युनिटेरियन पंथाच्या शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. दोन वर्षं तिथं निरनिराळ्या धर्मांचा तुलनात्मक अभ्यास केला, पाली आणि बौद्ध धर्म शिकले. १९०३ साली ॲमस्टरडॅमला जगभरच्या उदार धर्मवाद्यांची परिषद भरली, तिथं हिंदुस्थानातल्या उदार धर्माबद्दल निबंध वाचला. जमखंडीचा एक गरीब मराठा पोरगा तिथवर पोचला होता. परत आल्यावर एखाद्या संस्थानात मोठी नोकरी धरता आली असती. त्यांनी प्रार्थना समाजाच्या प्रचारकाचं काम धरलं. पगार बेताचा, फिरती फार.

या फिरतीत त्यांनी एक गोष्ट पाहिली. समाजसुधारणेच्या गप्पा मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात रंगत होत्या, पण महारवाड्यात, मांगवाड्यात, चांभारवाड्यात त्यातलं काहीच पोचत नव्हतं. जोतीराव फुल्यांनी पन्नास वर्षांपूर्वी पुण्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. बडोद्यात सयाजीरावांनी तशा शाळा चालवल्या होत्या. पण देशभर पसरेल असं, एकाच कामाला वाहून घेतलेलं संघटन वरच्या म्हणवणाऱ्या जातींकडून उभं राहिलं नव्हतं.

१९०५ साली अहमदनगरला गेले असताना जवळच्या भिंगार गावी महार मंडळींनी रात्री सभा ठेवली आणि शिंद्यांना बोलावलं. दिवसभर राबून आलेली माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात जमली होती. मुलांना शिकवायची त्यांची तळमळ शिंद्यांनी पाहिली. या कामाला आयुष्य द्यायचं, हा निश्चय त्या रात्रीनं पक्का केला.

परळची शाळा

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला, मुरारजी वालजींच्या बंगल्यात, पहिली शाळा उघडली. उद्घाटन न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकरांनी केलं. शेठ दामोदरदास सुखडवालांनी एक हजार रुपये दिले होते. संस्थेचं इंग्रजी नाव डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटी, मराठीत भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी. लोक नुसतं मिशन म्हणत.

शाळा काढणं त्या मानानं सोपं होतं. कठीण होतं ते पुढचं. शिंदे कुटुंबच मिशनच्या जागेत राहायला गेलं. म्हातारे आईवडील, बायको रुक्मिणीबाई, मुलं, बहिणी, सगळे. ज्या मुलांची सावलीही टाळायची असं गावाकडं शिकवलेलं, त्या मुलांच्या शेजारी त्यांचं बिऱ्हाड लागलं. पंढरीची वारी केलेले रामजीबाबाही या घरात राहिले. जनाक्का वसतिगृहातल्या मुलामुलींचं बघायची, त्यांना शिकवायची, आजारपणात उशाशी बसायची. सय्यद अब्दुल कादर आणि त्यांच्या पत्नी कल्याणीबाई हे दांपत्यही या कामात होतं. वामनराव सोहोनींसारखे ब्राह्मण सहकारी होते. म्हणजे एकाच संस्थेत मराठा, मुसलमान, ब्राह्मण आणि ज्यांच्यासाठी काम होतं ती महार, मांग, चांभार मुलं. आजही असं चित्र किती संस्थांत दिसतं, हे आपलं आपण बघावं.

मिशननं नुसती पाटी-पेन्सिल दिली नाही. हाताला काम मिळावं म्हणून शिवणकाम, पुस्तकबांधणी असे धंदे शिकवले. १९०८ साली पुण्याच्या लष्कर भागात शाखा निघाली. तिथं शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन हे इंग्रज गृहस्थ अध्यक्ष होते. पुढं नाना पेठेत अहिल्याश्रमाची इमारत उभी राहिली, त्यासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी वीस हजार रुपये दिले. सहा-सात वर्षांत मिशनच्या वीसहून अधिक शाळा झाल्या आणि मुलांची संख्या हजाराच्या वर गेली. आपल्या हुबळीतही मिशनची शाखा होती. रेल्वे आल्यावर, वर्कशॉप निघाल्यावर चारी बाजूंनी कामगार येऊन वाढलेलं हे शहर. तिथं या कामाची गरज होतीच.

याच काळात शिंद्यांनी मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध आवाज उठवला. जेजुरीच्या खंडोबाला लहान मुली वाहायच्या आणि पुढं त्यांचे हाल व्हायचे. सौंदत्तीचा डोंगर धारवाडपासून लांब नाही. यल्लम्माच्या नावानं काय चालत होतं, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. अस्पृश्यता आणि बाईची विटंबना या दोन गोष्टी एकाच मुळाच्या आहेत, हे शिंद्यांनी ओळखलं होतं. पुढं पुणे नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा आधी मुलगे, मुली नंतर, असं म्हणणाऱ्यांच्या विरोधात ते रस्त्यावर उतरले.

सह्या आणि सही न करणारे

अस्पृश्यतेचा प्रश्न काँग्रेसच्या मांडवात आणण्यासाठीही त्यांनी खटपट केली. १९१७ साली कलकत्त्याला ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि तिथं अस्पृश्यता दूर करण्याचा ठराव झाला. गांधीजींच्या हाती काँग्रेसची सूत्रं यायच्या आधीची ही गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी, मार्च १९१८ मध्ये, मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषद झाली. अध्यक्ष सयाजीराव महाराज. लोकमान्य टिळक आले, जोरदार भाषण केलं. पण स्वतःच्या रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर अनेक पुढाऱ्यांनी सह्या केल्या, तेव्हा टिळकांनी सही केली नाही. ठराव करणं आणि घरात पाळणं यात किती अंतर असतं, ते त्या एका कागदावर दिसलं.

१९२० च्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागा होती. शिंदे त्या जागेवर सहज उभे राहू शकत होते. जातीच्या नावावर जागा घ्यायची नाही म्हणून ते सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले. जातीतले लोक महारामांगांत मिसळलेला म्हणून त्यांना आधीच दूर धरत होते. आता आपल्या जातीच्या कामाचा नाही, हाही शिक्का बसला. प्रार्थना समाजाशी त्यांचं १९१० सालीच फाटलं होतं. सुशिक्षित ब्राह्मणांना ते ब्राह्मणेतर वाटत, ब्राह्मणेतरांना ते राष्ट्रीय पक्षाचे वाटत. कुठल्याच गोटानं त्यांना पूर्णपणे आपलं म्हटलं नाही.

ज्यांच्यासाठी काम, त्यांचाच प्रश्न

पण खरी परीक्षा दुसरीकडून आली.

१९१९ साली मतदानाचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी साउथबरो समिती आली. तिच्यापुढं शिंद्यांनी साक्ष दिली, आणि सत्तावीस वर्षांच्या डॉ. भीमराव आंबेडकरांनीही दिली. दोघांचं म्हणणं जुळलं नाही. शिंद्यांना वेगळे मतदारसंघ नको होते, समाज आणखी फुटेल अशी त्यांना भीती वाटे. अस्पृश्यांच्या प्रतिनिधींची निवड कायदेमंडळाच्या सभासदांनी करावी, अशी त्यांची सूचना होती. आंबेडकरांचं म्हणणं सरळ होतं. आमचे प्रतिनिधी आम्ही निवडणार, दुसऱ्यांनी निवडलेला माणूस आमच्या वतीनं कसा बोलणार? मे १९२० मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली, तिथं शिंद्यांच्या या भूमिकेवर उघड टीका झाली.

या ठिकाणी शिंद्यांचे चरित्रकार बरेचदा हळवे होतात, आणि टीकाकार बरेचदा कठोर होतात. खरं म्हणजे या मुद्द्यावर आंबेडकर बरोबर होते, असं आज मागं वळून पाहताना म्हणावं लागतं. दुसऱ्यासाठी कितीही खस्ता खाल्ल्या तरी त्याच्या वतीनं बोलायचा हक्क कायमचा मिळत नाही. चांगल्या हेतूनं काम करणाऱ्यालाही हे पचवणं जड जातं.

मिशनमध्येही तोच प्रश्न आला. अस्पृश्य समाजातली शिकलेली पिढी पुढं आली होती, त्यातले काहीजण मिशनच्याच शाळांत शिकलेले. संस्था आमच्यासाठी आहे तर कारभार आमच्या हातात द्या, असं ते म्हणू लागले. वाद झाले, कडवटपणाही आला. शिंद्यांना वाईट वाटलं नसेल असं कोण म्हणेल? घरदार घालून सतरा वर्षं वाढवलेली संस्था होती ती. पण १९२३ साली ते कारभारातून बाजूला झाले. खुर्चीला चिकटून बसले नाहीत. दुसरी संस्था काढून पहिलीला सुरुंग लावला नाही. अस्पृश्यतेविरुद्धचं कामही सोडलं नाही.

१९२४ साली ते ब्राह्म समाजाच्या कामासाठी मंगळूरला गेले. तिथं कुद्मल रंगरावांनी अस्पृश्यांसाठी शाळा आणि वसती उभारण्याचं काम त्यांच्याही आधीपासून चालवलं होतं. त्याच वर्षी केरळात वायकोमला देवळाच्या रस्त्यावरून चालण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह चालला होता, तिथंही जाऊन आले. १९२७ साली ब्रह्मदेशात फिरले. तिथंही पॅगोड्यांशी बांधलेले, समाजानं बाहेर टाकलेले लोक आहेत, हे त्यांनी पाहिलं. बौद्ध देशातही असं असू शकतं, म्हणजे हा रोग एका धर्माचा किंवा एका देशाचा नाही, माणसाला जन्मावरून खाली ढकलायची ही खोड जगात ठिकठिकाणी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. हा सगळा अभ्यास त्यांनी १९३३ साली भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न या ग्रंथात मांडला. या विषयावर मराठीत इतक्या पद्धतशीरपणे लिहिलेली पुस्तकं त्यावेळी फार नव्हती.

१९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत उतरले, सहा महिन्यांची शिक्षा झाली, येरवड्यात ठेवलं. तेव्हा वय सत्तावन्न. शेतकऱ्यांच्या परिषदांतही त्यांनी पुढाकार घेतला. शेवटची वर्षं आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आपल्याला त्याचं काय?

शिंद्यांवर महाराष्ट्राचा हक्क आहे, कर्नाटकाचाही आहे. जमखंडी आज कर्नाटकात, कर्मभूमी मुंबई-पुणे. सीमाभागात माणसं वाटून घ्यायची आपल्याला सवय लागली आहे. हा आमचा, तो तुमचा. शिंदे या वाटणीत बसत नाहीत. दोन्ही भाषा ज्यांच्या घरात होत्या, त्यांनी भाषेच्या नावानं कुणाला कमी लेखलं नाही. धारवाड-हुबळीच्या मराठी माणसानं त्यांची आठवण काढावी ती नुसती मराठी माणूस मोठा झाला म्हणून नको.

दुसरी गोष्ट सन्मानाची. समतेच्या कामाबद्दल कुणाचा सत्कार करायचा झाला की आपण मंचावर एकच खुर्ची मांडतो. शाल, श्रीफळ, एक फोटो. पण परळच्या त्या बंगल्यात एकटे शिंदे नव्हते. सासर सुटलेली जनाक्का होती, रुक्मिणीबाई होत्या, सय्यद दांपत्य होतं, हजार रुपये देणारे शेठजी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या दिवशी आपल्या पोराला त्या शाळेत धाडणारे आईबाप होते. गिरणीत झाडलोट करून, कचरा उचलून, चामडं कमावून जगणारी माणसं. पोर कमावतं झालं असतं त्या वयात त्यांनी त्याला पाटी दिली. त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. त्यांच्या धाडसावाचून शाळा रिकामी राहिली असती.

धारवाडातच डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नानं १९२० च्या दशकाच्या शेवटी दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं. खेड्यापाड्यातली मुलं तिथं राहून शिकली. शिंद्यांची वाट आणि आंबेडकरांची वाट वेगळी, पण दोन्ही वाटांनी आपल्या भागात मुलंच शाळेपर्यंत पोचवली.

आता आपल्या जवळची गोष्ट. आपल्याकडं मंडळं पुष्कळ आहेत, ट्रस्ट आहेत, वसतिगृहं आहेत, सोसायट्या आहेत. समतेवर भाषणंही होतात. शिंद्यांची जयंती साजरी करताना दोन साधे प्रश्न स्वतःला विचारले तरी पुरे. ज्यांच्यासाठी आपली संस्था आहे म्हणतो, त्यांच्यातलं कोणी कार्यकारिणीत आहे का? आणि उद्या ते म्हणाले की आता कारभार आमच्याकडं द्या, तर आपण उठून जागा देणार का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर संस्थेच्या रजिस्टरात सापडेल. दुसऱ्याचं उत्तर शिंद्यांनी १९२३ साली देऊन ठेवलं आहे. येत्या २३ एप्रिलला हार आणायला जाल, तेव्हा ते रजिस्टरही एकदा उघडून बघा.